दुसऱ्या बोलीचा माणूस

माझ्या चुलतभावाचा मला जन्मभर हेवा वाटत आला. सत्तरी उलटल्यावर खोटं कशाला लिहू? तो माझ्याहून थोडा मोठा, मी त्याला दादा म्हणतो. जमीन दोघांची सारखी, भात सारखंच, घरं एका भिंतीला लागून. तरी हेवा होता, आणि तो एका हिरव्या लुगड्यावरून सुरू झाला.

आमचं गाव भरे गावाच्या शिवेला लागून आहे. चैत्रात गावदेवीची जत्रा असते. वर्षभर बायका देवीची ओटी भरतात, तिला लुगडी नेसवतात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी त्या लुगड्यांचा देवळापुढं लिलाव होतो. पुजारी एकेक लुगडं दोन्ही हातांवर धरून उभा राहतो, पंचांमधला एकजण कर्ण्यातून ओरडतो, आणि ज्याची बोली वर त्याच्या बायकोला ते लुगडं मिळतं. देवीच्या अंगावरचं म्हणून त्याला मान. त्यातही हिरवं, जरीच्या कडेचं, सगळ्यात शेवटी काढतात.

पैसे जागच्या जागी द्यायची पद्धत आमच्याकडं नाही. चैत्रात कुणाच्या हातात काय असतं? भात येतं कार्तिकात. म्हणून म्हाताऱ्यांनी पूर्वीच ठरवून टाकलेलं, की बोली आज, पैसे पुढच्या जत्रेपर्यंत कधीही. पद्धत चांगली आहे. चांगल्या माणसांसाठी केलेली आहे.

दादा दर साली हिरव्या लुगड्याला बोली लावायचा. मी पण लावायचो. मी खिशातल्या नोटांवर हात ठेवून बोलायचो. जेवढं आहे तेवढंच तोंडातून काढायचं, असा माझा स्वभाव. थोडं थोडं चढायचो. दादा माझ्याकडं बघायचासुद्धा नाही. मिशीवर बोट फिरवायचा आणि एकदम दुप्पट बोलायचा. एक वार, दोन वार, तीन वार. नारळ फुटायचा. लुगडं वहिनीच्या हातात जायचं. आणि पैसे? पुढच्या जत्रेला थोडे, त्याच्या पुढच्या जत्रेला थोडे, काही सालांचे तर नाहीतच. गावाला सगळं ठाऊक.

एकदा घरी येताना बायको मला म्हणाली, "दुपटीला कशाला भ्यालात?"

"खिशात न्हाईत."

"त्यांच्या तरी खिशात कुटं हायेत?"

"मग?"

"मग काय. ते बोलत्यात, तुमी मोजताय."

तिनं टोमणा मारला नव्हता. होतं ते सांगितलं. म्हणून जास्त लागलं.

वहिनी लग्नकार्यात ते लुगडं नेसून यायची. बायका तिच्या पदराला हात लावून तो डोळ्यांना लावायच्या. माझी बायकोही लावायची. मी लांबून बघायचो. माझ्या बायकोनं माझ्या भावाच्या बायकोच्या पदराला हात लावायचा! तिला काही वाटत नसे. ती हसायची. फक्त एकदा, भाताची लावणी चालली होती, चिखलात वाकल्या वाकल्या म्हणाली, "मी तुमच्या आदी गेले तर मला देवीचंच हिरवं नेसवा. दुकानातलं नगं."

"गप. लावणी कर."

"करतुयाच की. सांगून ठेवलं."

एका साली कुणीतरी धीर करून देवळापुढं बोललं, की ज्याची मागची बाकी आहे त्याला बोली लावू देऊ नये. मी लगेच मान हलवली. सगळ्यात म्हातारे पंच म्हणाले, "देवीच्या दारात कुणाचं तोंड धरायचं न्हाई. तिचं ती बघून घेईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. दादानं तर दोन्ही हात जोडले. त्या साली हिरवं लुगडं परत त्याच्याच घरी गेलं.

ती माझ्या आधी गेली. भात पोटरीत आलेलं तेव्हा, पुण्याच्या दवाखान्यात. मी पिरंगुटच्या दुकानातून हिरवं लुगडं आणलं. कडक खळीचं, घडी मोडता मोडेना. त्यावर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली होती, ती वहिनीनं नखानं खरवडून काढली. तेवढं माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. बाकीचं त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही.

पुढं घर मोठं वाटायला लागलं. मुलगी तिच्या सासरी, लांब. मी कडेची खोली भाड्यानं दिली. लातूरकडचं एक तरुण जोडपं आलं. दोघंही हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. सकाळी गाडीवरून जायचे, दिवेलागणीला यायचे. माणसं चांगली. पण माझ्या घराला आता दोन्हीकडून आवाज येऊ लागले. एका भिंतीतून ऐकू यायचं, "अहो, उठा, जेवण वाढलंय." ती वहिनी. दुसऱ्या भिंतीतून, "चहा ठेवू का?" "ठेव की." ते भाडेकरू. मधल्या घरात मी. चहा ठेवायला मला कुणाला विचारावं लागत नव्हतं. त्या दोन शब्दांचा मला किती हेवा वाटायचा ते मी कुणाला सांगितलं नाही, आता लिहितोय.

बायकोच्या मागं लोखंडी पेटी भरून गोधड्या राहिल्या होत्या. गावातल्या बायका जुनी लुगडी, धोतरं आणून द्यायच्या आणि ही उन्हाळ्यात ओट्यावर पाय पसरून शिवत बसायची. दुसऱ्यांच्या शिवून दिल्या, घरच्याही केल्या. मुलीनं नेल्या नाहीत, तिच्याकडं ब्लँकेटं होती. उंदीर लागू नये म्हणून मी वर्षातून एकदा त्या कुंपणावर उन्हात टाकायचो. दोन हजार सात साल असेल. रविवार होता. भाडेकरीण बाहेर आली आणि थबकली.

"बाबा, ह्या कुणी शिवल्या?"

"कुणी म्हंजी? हिनं."

ती बराच वेळ हात फिरवत राहिली. टाके बघितले, उलट्या बाजूनं बघितले. मग म्हणाली, "शहरात लोक ह्याला वेडे होतात. विकायच्यात का?"

मी आधी नाही म्हणालो. मग वाटलं, मी मेल्यावर मुलगी ह्याची पोतेरी करील. तिचा दोष नाही. पण ज्याला पाहिजे त्याच्या अंगावर गेलेली बरी. मी विचारलं, कुठं विकतात. ती म्हणाली, नेटवर, लिलावात.

लिलाव म्हटल्यावर माझे कान टवकारले.

तिनं फोटो काढले. नेटची रेंज आमच्याकडं फक्त ओट्याच्या तुळशीकडच्या कोपऱ्यात यायची, त्यामुळं संध्याकाळी ती आणि तिचा नवरा तिथं चटईवर लॅपटॉप घेऊन बसायचे आणि मी खांबाला टेकून. तिनं समजावलं, की वस्तू आपण मांडायची, आठवडाभर देशातले लोक बोली लावतात, वेळ संपली की ज्याची बोली वर त्याची वस्तू. तो पैसे भरतो, मग आपण पार्सल करतो. कर्णा नाही, नारळ नाही. बाकी आमचंच.

पहिली गोधडी बंगळूरला गेली, दुसरी दिल्लीला. माझ्या बायकोनं आयुष्यात पुण्याच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं, तिचे टाके दिल्लीला गेले. मला आनंद झाला आणि लगोलग हेवाही वाटला. कोण कुठला माणूस रात्री ती पांघरून झोपणार, त्याला ऊब लागणार, आणि ती ऊब कुणाची ते त्याला ठाऊकसुद्धा नाही. भाडेकरीण म्हणाली, "बाबा, तुम्ही विकायलात की लेक सासरी धाडायलात?" मी म्हणालो, "गप बस, पार्सल बांध."

आणि मग मी पारावर जाऊन बढाई मारली. मारायचीच होती. दादा समोर बसलेला होता, त्याच्यासाठीच मारली.

"माझ्या बायकोच्या हाताला दिल्लीपत्तोर बोली लागतीया," मी म्हणालो. "नेटवर. लिलाव. तुझी लुगडी पेटीत कुजत्यात."

दादानं तंबाखू मळता मळता वर बघितलं. "असं का? मग बघाय पायजे."

त्याच्या पोरानं सूसला फ्लॅट घेतलेला, घरात कॉम्प्युटर होता. हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पेटीत एक हिरवी गोधडी होती. हिरव्या लुगड्याचा वरचा थर, फिकट झालेला, कडेला जरीची रेघ कुठं कुठं टिकलेली. एका कोपऱ्यात जळक्या भोकाभोवती लाल दोऱ्यानं पान शिवून भोक झाकलेलं. आजारपणात ती हीच मागायची. उन्हाच्या दिवसांतसुद्धा म्हणायची, "ती हिरवी द्या." मला वाटायचं, जाड आहे म्हणून मागते. ती गेल्यावर मला ती गोधडी बघवत नव्हती. म्हणून मीच भाडेकरणीला म्हणालो, ही पण टाक.

त्या गोधडीला जेवढी बोली लागली तेवढी कुठल्याच गोधडीला लागली नव्हती. दोघंजण भिडले. एक अमरावतीची बाई. तिनं आधी खाली प्रश्न लिहून विचारलं होतं, आतले थर कशाचे आहेत, धुतली तर टाके उसवतील का. माझ्या आईची अशीच होती, असंही लिहिलं होतं. ही बाई थोडं थोडं चढायची. एक दिवस थांबायची, मग पुन्हा थोडं. मला तिची ती चढायची रीत ओळखीची वाटली, पण तेव्हा कळलं नाही कुठली. दुसऱ्याचं नाव नव्हतं, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. तो गप्प असायचा आणि एकदम दुप्पट बोलायचा.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तिघं लॅपटॉपला डोळे लावून बसलो होतो. बाई शेवटपर्यंत होती. आणि अगदी शेवटी तो अक्षरं-आकडेवाला उडी मारून वर गेला आणि वेळ संपली. भाडेकरीण टाळ्या वाजवायला लागली. मी पण हसलो. हसलो ते आठवलं की आज लाज वाटते.

पैसे आले नाहीत. दोन दिवस झाले, चार झाले. भाडेकरणीनं त्याला निरोप पाठवले. उत्तर नाही. आठवडा गेला. मग तिनं त्याच्या नावावर बोट ठेवून त्याचा मागचा इतिहास उघडला. तिथं इतर विकणाऱ्यांनी लिहून ठेवलेलं असतं. ती मला वाचून दाखवू लागली, "जिंकतो, पैसे देत नाही. फोन उचलत नाही. ह्याच्यापासून सावध राहा." एकानं नाही, बऱ्याच जणांनी.

"हे आधी का न्हाई बघितलं?" मी विचारलं.

"चुकलं, बाबा. आता ह्याला ब्लॉक करू. म्हणजे आपल्या वस्तूला तो परत बोली लावू शकणार नाही."

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "जत्रंपर्यंत वाट बघू."

"कसली जत्रा?"

तेव्हा मला आमची पद्धत सांगावी लागली. तिचा नवरा पोट धरून हसला. म्हणाला, "बाबा, हा लिलाव देवळापुढचा नाही हो. तो माणूस काय पुढच्या चैत्रात येणार आहे का ढोल घेऊन?"

पण मला खरोखर पटत नव्हतं. मी म्हणालो, माणूस आजारी असेल. घरात कुणी गेलं असेल, माझ्या घरात गेलं तेव्हा मी महिनाभर कुणाचं देणंघेणं बघितलं नव्हतं. नेट बंद असेल, इथं ओट्याच्या एका कोपऱ्याला येतं. एकदा पैसे चुकले म्हणून त्याचं तोंड कायमचं बंद करायचं का? आमच्या पंचांचं वाक्यच माझ्या तोंडून निघालं, "कुणाचं तोंड धरू नये."

"एकदा असतं तर मी पण म्हटलं असतं राहू द्या," भाडेकरीण म्हणाली. "हा दर वेळी असंच करायलाय. आणि आपलं काय, गोधडी आपल्याजवळच आहे. वाईट त्या अमरावतीच्या बाईचं वाटतं. बिचारी शेवटपर्यंत होती."

ती हे सहज बोलली आणि कपडे काढायला दोरीकडं गेली.

थोडं थोडं चढायची ती माझीच रीत होती. ती बाई मीच होतो. इतकी वर्षं सगळे पंच म्हणायचे, पैसे बुडाले तर देवीचे बुडाले, देवी बघून घेईल. देवीचं काही बुडत नव्हतं. देवीला पुढच्या साली दुसरं लुगडं मिळत होतं. बुडायचं ते दुसऱ्या बोलीच्या माणसाचं. त्याच्याजवळ पैसे असायचे, त्याची बायको गर्दीत पायाच्या बोटांवर उभी राहून बघत असायची, आणि ज्याच्याजवळ काही नाही तो नुसत्या तोंडानं त्याच्या हातातलं घेऊन जायचा. त्याला कुणी वाईट म्हणायचं नाही, उलट मोठ्या मनाचा म्हणायचे. त्या माणसाचं तोंड धरायला नको म्हणणारे सगळे माझं तोंड धरून बसले होते, आणि हे मला माझ्या ओट्यावर, एका अनोळखी बाईमुळं कळलं.

"ए पोरी," मी हाक मारली, "त्याचा फोन नंबर हाय का?"

लिलाव झाला की दोघांना एकमेकांचा नंबर मिळतो. तिनं मोबाइल लावून दिला. चार वेळा वाजला. मग आवाज आला आणि मी चटईवर बसलो. दादाच्या पोराचा आवाज. त्याला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली.

"काका? तुमी?"

"गोधडी तू घेतली व्हय रं?"

"मी कशाला घेतोय! अण्णांनी सांगितलं. म्हनले, काकूची गोधडी भाईर जाऊ द्यायची न्हाई. लाव बोली."

"आणि पैशे?"

"घरचंच हाय म्हनले. जत्रंला देऊ." तो हसला. "तुमाला ठावं हाय की अण्णांचं."

"आणि ते बाकीच्यांनी लिवलंय ते?"

"ते व्हय? घड्याळ, कॅमेरा असलं काय काय. बोली लावली, मग मन बदललं. त्यात काय, काका, समद्यांचंच बदलतं."

मी फोन भाडेकरणीच्या हातात दिला आणि शेजारच्या ओट्यावर गेलो. दादा झोपाळ्यावर होता. वहिनी तांदूळ निवडत होती.

"माज्या लिलावात बी तूच?" मी म्हणालो.

दादाला काही लाज नव्हती. "मग काय दिल्लीला धाडू व्हय तुज्या बायकोची गोधडी? मी हाय म्हनून वाचली. बस. च्या घे."

"च्या नगं. पैशे काढ, न्हाईतर गोधडी सोड."

"अरं मर्दा, मी कुटं पळून जातोय? जत्रंला देतो."

"ती अमरावतीची बाई देणार हुती. आज."

"कोण बाई? आपली काय ती?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, पण त्याला सांगून कळलं नसतं. तेवढ्यात वहिनीनं सूप बाजूला ठेवलं.

"भावजी, त्यांना बोलू नगा. बोली मी लावाय सांगितली. पोरानं फोटू दावला तवा मी ते पान वळखलं. उदबत्तीनं पडलेलं भोक हाय ते. देवीच्या अंगावर असतानाच पडल्यालं. त्यो थर माज्या लुगड्याचा हाय. पहिल्या साली आलेलं हिरवं."

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"इरलं, फाटलं, तवा मी टाकाय निघाले हुते. तीच आली. म्हनली, जाऊबाई, चिंध्या झाल्या तरी टाकू नगा, मला द्या. रातभर हातात घेऊन बसली असंल. दुसऱ्या दिशी शिवाय घेतलं."

"मला का न्हाई सांगितलं तिनं?"

"तुमाला कळलं असतं तर तुमी चुलीत घातलं असतं."

घातलंच असतं. तिनं बरोबर ओळखलं होतं. मी घरी आलो. आजारपणात ती हिरवी का मागायची ते आता कळलं. तिला मिळालं होतं. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवसापर्यंत देवीचं हिरवं तिच्या अंगावर होतं. नवऱ्यानं आणून दिलं नाही म्हणून तिनं आपल्या हातानं करून घेतलं होतं. माणसाला ह्यावर समाधान वाटायला पाहिजे. मला हेवा वाटला. तिच्या मनातली एवढी मोठी गोष्ट वहिनीला ठाऊक होती आणि मला नव्हती. आणि शेवटी ते लुगडं आलं ते दादाच्याच घरातून.

भाडेकरीण तुळशीजवळ वाट बघत होती. मी सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "मग काय करायचं, बाबा?"

"ब्लॉक कर."

"घरचेच आहेत ना?"

"घरचे हायेत म्हनूनच कर. परका असता तर एकदा माफ केलं असतं."

"तुम्हीच दाबा मग." तिनं माझं बोट धरून त्या जागेवर आणलं. मी दाबलं. काहीच झालं नाही, पाटीवर दोन ओळी आल्या. म्हणाली, झालं. एवढंच होतं. आमच्या पंचांना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

"आता त्या बाईला विचार," मी म्हणालो. "तिची शेवटची बोली हुती त्याच भावात. एक पैसा वर न्हाई."

"बाबा, आता कशाला? देवीचं लुगडं आहे त्यात, काकूंनी एवढं... ठेवा की घरी. तुम्हाला कोण विचारणार आहे?"

गोधडी मांडीवर होती आणि ते लाल पान माझ्या अंगठ्याखाली होतं. द्यावीशी वाटत नव्हती. त्या बाईचा राग यायला लागला होता, तिची आई, तिची आठवण, तिला काय अधिकार. पण मी गोधडी ठेवून घेतली असती तर मी आणि दादा सारखेच.

"आता तिचा नंबर लागतो," मी म्हणालो. "लिव."

तिनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं कामावरून आल्यावर चटई पसरली, लॅपटॉप उघडला. बाईचं उत्तर आलेलं होतं. भाडेकरणीनं वाचून दाखवलं. तिनं लिहिलं होतं, की विचारलंत ते बरं वाटलं. पण ती बोली हरल्यावर मी दुसरीकडून एक घेतली. तुमचीच जास्त आवडली होती. आता दोन ठेवायला घरात जागा नाही. तुमच्याकडंच राहू दे.

भाडेकरणीला वाटलं मी खूष होईन. तिनं लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "बघा, देवीनंच ठेवली."

मी म्हणालो, "देवीला मधी घालू नगं. दादानं त्या बाईची घालवली."

गोधडी माझ्याकडं राहिली ह्याचं मला वाईट वाटलं असं नाही. पण त्या बाईला आता हवी होती तशी मिळणार नाही. दुसऱ्या बोलीचा माणूस कायम थांबून राहत नाही. त्याचं मन निघून जातं, नाहीतर माणूसच निघून जातो. हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून जे कुणी अशा लिलावात वस्तू मांडतात त्यांना माझं सरळ सांगणं आहे. एकदा चुकला तर फोन करून विचारा, आजारी असेल, अडला असेल. पण बोलून बोलून न देणारा असेल तर त्याला बाहेर काढा, बोली चालू असतानाच त्याचा इतिहास बघा. तुमचं नुकसान होतं म्हणून नाही. तुमची वस्तू तुमच्याकडंच असते.

दादा दोन दिवसांनी खरोखर पैसे घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदा. वहिनीनं धाडला असेल. "घे," म्हणाला, "आता तरी दे."

"न्हाई."

"का न्हाई? पैशे हायेत न्हवं!"

"तुला ब्लॉक केलंय."

"म्हंजी काय?"

"पोराला इचार."

तो शिव्या घालत गेला. संध्याकाळी वहिनी एकटी आली. मी पेटी उघडून गोधडी तिच्यापुढं ठेवली. तिनं पदर आवरला, पानावर हात ठेवला आणि तो डोळ्यांना लावला. जसा माझी बायको तिच्या पदराला लावायची तसा. मग घडी घालून परत दिली.

पुढच्या चैत्रात लिलावाच्या वेळी मी उभा राहिलो. त्या म्हाताऱ्या पंचांच्या जागी आता त्यांचा मुलगा होता. मी म्हणालो, "ज्याची मागली बाकी हाय त्यानं आज बोलायचं न्हाई. देवी बघून घेईल ह्ये आता पुरं झालं. दुसऱ्यानं काय करायचं त्ये पण बघा." कुणीतरी मागून ओरडलं, "म्हाताऱ्यानं नेट लावलंय!" लोक हसले. पण हसता हसता दोघाचौघांनी माना हलवल्या, ज्यांनी माझ्यासारखीच वर्षं काढली होती त्यांनी. पंच दादाकडं बघायला लागले. दादानं मिशीवर बोट फिरवलं आणि तो खाली बसला.

हिरवं लुगडं निघालं. मी बोली लावली नाही, कुणासाठी लावायची? कारखान्यात कामाला जाणारा आमच्याच आळीतला एक जण थोडं थोडं चढत गेला, एक हात खिशात ठेवून. दुप्पट कुणी बोललं नाही. एक वार, दोन वार, तीन वार. नारळ फुटला. त्यानं पैसे जागच्या जागी मोजले, कुणी मागितले नव्हते तरी. बायकांच्या गर्दीतून त्याची बायको पुढं आली, लाजून, पदर दातात धरून, आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

सगळ्यांना वाटलं मी समाधानानं बघतोय. मी तिच्या नवऱ्याकडं बघत होतो. त्याचा मला इतका हेवा वाटला की मी प्रसादाला थांबलो नाही.